लडाखची ट्रिप प्लॅन करताय? आधी ‘झोपायची उंची’ लिहा, मग फोन तयार करा

जेऊर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात एक आकडा असतो, समुद्रसपाटीपासूनची उंची. असा आकडा देशातल्या जवळपास प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर असतो. मी लहानपणापासून ती पाटी बघत आलोय, पण आकड्याकडं कधी लक्ष दिलं नाही. पुण्याच्या गाडीची वाट बघताना आपल्याला एकच आकडा हवा असतो, गाडी किती मिनिटं लेट आहे.

त्या पाटीवरच्या आकड्याची किंमत मला काही वर्षांपूर्वी लडाखमध्ये कळली. रात्रीचा दीड वाजला होता, पँगाँग सरोवराच्या काठावर तंबूत होतो आणि सोबतचा मित्र उलट्या करत होता.

आम्ही चौघं गेलो होतो. चौघांत इंजिनिअर मी, त्यामुळं प्लॅनिंग माझ्याकडं. मी झकास शीट बनवलं होतं. तारीख, तिकीट, हॉटेल, किलोमीटर, माणशी खर्च, सगळे कॉलम होते. फक्त उंचीचा कॉलम नव्हता. पहिल्या दिवशी सकाळी दिल्लीहून विमानानं लेहला उतरलो, दुपारी बाजार फिरलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थेट पँगाँगला निघालो. एक दिवस वाचवला म्हणून मी खूश होतो.

त्रास झाला तो आमच्यातल्या सगळ्यात दणकट गड्याला. पोलीस भरतीची तयारी करणारा, रोज पाच किलोमीटर पळणारा. डोकं फुटायला आलेलं, पोटात काही ठरेना. मी फोन काढला तर नेटवर्क शून्य. बॅटरी ३४ टक्के दिसत होती, आणि टॉर्च लावताच फोन बंद पडला. लेहला परत न्यावं म्हणून ड्रायव्हरदादांना उठवलं. ते म्हणाले, ‘लेहला जायचं तर मध्ये चांग ला आहे. म्हणजे आजारी माणसाला अजून हजार मीटर वर न्यायचं. आधी तांगत्सेला जाऊ, ते खाली आहे.’

ला म्हणजे खिंड. लेहचा रस्ता आधी वर चढतो आणि मग खाली उतरतो, हे माझ्या शीटमध्ये कुठंच नव्हतं. ते त्या माणसाला माहीत होतं म्हणून निभावलं. तांगत्सेला मित्राला ऑक्सिजन मिळाला, सकाळपर्यंत तो बोलायला लागला. इकडं जेऊरात त्याची आई दोन दिवस आमच्या घरी येऊन बसली होती, कारण त्याचं सिम प्रीपेड होतं आणि लेहला उतरल्यापासून त्याचा फोनच लागत नव्हता.

हा लेख म्हणजे तेव्हा माझ्या शीटमध्ये जे नव्हतं ते.

उंचीवर नेमकं काय होतं?

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण म्हणतो, पण हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण लेहलाही जेऊरइतकंच असतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणजे हवा विरळ, आणि विरळ हवेच्या प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणू कमी.

तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असेल तर हे डोळ्यांनी दिसतं. समुद्रकाठी दाब साधारण १,०१३ हेक्टोपास्कल असतो. पाचशे मीटरच्या थोडं वर असलेल्या आपल्या भागात तो ९५० च्या आसपास. लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर, ६६० च्या आसपास. आणि खारदुंग ला किंवा चांग लासारख्या खिंडीत ५२० च्या जवळ, समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा.

शरीर याच्याशी जुळवून घेतं. श्वासाचा वेग वाढतो, रक्तात बदल होतात. पण त्याला दिवस लागतात, तास नव्हे. जेऊरहून पुणे, पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह हा प्रवास आपण दीड दिवसात उरकतो. त्यातली जवळपास सगळी चढण शेवटच्या सव्वा तासाच्या विमानात होते. शरीराला कळायच्या आत आपण तीन हजार मीटर वर गेलेलो असतो.

‘मी ट्रेकर आहे, मला काय होतंय’ हे इथं चालत नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. लेह त्याच्या दुपटीहून उंच आहे. म्हणजे या उंचीची सवय करायला आपल्या राज्यात जागाच नाही. दमसास चांगला असला की चढायला सोपं जातं, पण विरळ हवेचा त्रास होणार नाही याची हमी मिळत नाही. उलट दणकट माणूस जास्त धावपळ करतो आणि त्रास लपवतो.

शीटमध्ये एकच नवा कॉलम

प्रत्येक दिवसापुढं लिहा: आज रात्री झोपायचं ते ठिकाण किती मीटरवर आहे?

दिवसभरात किती वर गेलो यापेक्षा रात्र कुठं काढली याला जास्त महत्त्व आहे. खिंड गाडीतून तासाभरात ओलांडली तर शरीर बहुधा सांभाळून घेतं, पण झोपेत श्वास मंदावतो आणि सात-आठ तास तिथंच काढायचे असतात. डॉक्टरांचा सर्वमान्य ठोकताळा असा आहे: ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करा. दिवसा वर जा, झोपायला खाली या.

आता माझा जुना प्लॅन या कॉलममधून बघा. पहिली रात्र दिल्ली, दोन-सव्वादोनशे मीटर. दुसरी रात्र लेह, ३,५००. तिसरी रात्र पँगाँग, सव्वाचार हजारांच्या आसपास. दोन्ही उड्या चुकीच्या. कोणीतरी आजारी पडणारच होतं.

विमानानं जाणार असाल तर आज मी असा प्लॅन करेन:

– दिवस १: लेह, ३,५०० मीटर. खोलीवर पडून राहायचं. बाजारसुद्धा नको.
– दिवस २: लेह. संध्याकाळी थोडं चालायचं.
– दिवस ३: लेह. गाडीतून जवळपासचे मठ, सिंधू-झंस्कारचा संगम.
– दिवस ४: खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात. दिस्कित किंवा हुंडरला मुक्काम, साधारण ३,१०० मीटर.
– दिवस ५: नुब्रा.
– दिवस ६: श्योक नदीच्या रस्त्यानं पँगाँग. दुपार तिथं काढायची, झोपायला तांगत्सेला यायचं, पँगाँगपेक्षा तीनेकशे मीटर खाली.
– दिवस ७: चांग ला ओलांडून लेह.

यातली गंमत नुब्रात आहे. वाटेत खारदुंग ला आहे म्हणून लोक नुब्राला घाबरतात, पण खोरं लेहपेक्षा खाली आहे. खिंड ओलांडली की झोप चांगली लागते. सहाव्या रात्री मात्र पाचशेचा नियम मोडतोच, हे लपवण्यात अर्थ नाही. तोवर शरीराला पाच दिवस मिळालेले असतात हीच जमेची बाजू. आणि कोणाला आधीपासून डोकेदुखी असेल तर पँगाँग रद्द. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

शीटमध्ये अजून एक छोटा रकाना करा: ‘खिंड न ओलांडता इथून खाली कुठं जाता येईल?’ पँगाँगपुढं त्याचं उत्तर आहे तांगत्से, आणि तिथून श्योककडं अजून खाली. उत्तर सापडत नसेल तिथं मुक्काम करण्याआधी दोनदा विचार करा.

बाइकवाल्यांसाठी एक गोष्ट. रस्त्यानं जाणार असाल तर श्रीनगरची वाट सौम्य आहे. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, सोनमर्ग २,७०० च्या आसपास, कारगिलही तितकंच, मग लेह. पायऱ्या-पायऱ्यांनी चढल्यासारखं. मनालीकडून जाताना बरेच जण दोन हजारांवरून निघून पहिला मुक्काम थेट सरचूला करतात, तो ४,२०० मीटरच्या वर. तिथं रात्र तळमळत काढलेले कितीतरी जण तुम्हाला भेटतील. त्या वाटेनं जायचंच असेल तर आधी जिस्पाला थांबा.

अँडीजमध्ये गेलात तरी हेच गणित

उद्या नोकरीनिमित्त किंवा स्वतःच्या पैशानं दक्षिण अमेरिकेत जायचा योग आला, तरी कॉलम हाच ठेवा. पेरूतलं कुस्को शहर ३,४०० मीटरवर, म्हणजे जवळपास लेहच. बोलिव्हियातलं ला पाझ ३,६०० च्या वर आणि त्याचा एल आल्तो विमानतळ ४,००० च्याही वर. पण ज्यासाठी लोक कुस्कोला उतरतात ते माचू पिचू फक्त २,४३० मीटरवर आहे. म्हणून जाणकार मंडळी कुस्कोला उतरल्यावर तिथं न थांबता आधी खालच्या उरुबांबा खोऱ्यात मुक्काम करतात, माचू पिचू बघतात आणि मग कुस्कोला परत येऊन राहतात. लेह आणि नुब्राचंच नातं. नकाशात शहरांची नावं बदलतात, फुप्फुसं आपलीच असतात.

आता फोन: ही सगळी कामं घरी करायची

१. सिम. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, सुरक्षेच्या कारणामुळं हा नियम आहे. पोस्टपेड चालतं. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी निदान दोघांनी तरी पोस्टपेड करून घ्या, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं. लेहमध्ये नेट ठीक चालतं, पण शहर सोडलं की एका गावात एक कंपनी, दुसऱ्या गावात दुसरी आणि मधल्या रस्त्यावर कुठलीच नाही. टॉवरच नसेल तिथं ११२ सुद्धा लागत नाही, हे लक्षात ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा परदेशातून मागवलेलं सॅटेलाइट मेसेंजर नेऊ का, असं बरेच जण विचारतात. परवानगीशिवाय ते भारतात बाळगणं बेकायदा आहे. नेऊ नका.

२. नकाशा. जीपीएसला नेट लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो, चार उपग्रह ऐकू आले की जागा काढतो. नेट लागतं ते खालचं नकाशाचं चित्र आणायला. म्हणून गुगल मॅप्समध्ये लेह, नुब्रा, पँगाँगचा भाग आधीच डाउनलोड करा. त्यात ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता मिळतो, चालायचा मिळत नाही. पायवाटांसाठी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडसारखं अ‍ॅप सोबत ठेवा. आणि याची परीक्षा घरीच घ्या: एअरप्लेन मोड लावा, लोकेशन चालू ठेवा आणि एसटीनं जेऊर ते करमाळा जा. निळा ठिपका रस्त्यावरून सरकतोय ना, बघा. सुरुवातीला ठिपका यायला एक-दोन मिनिटं लागली तर घाबरू नका. एरवी उपग्रह कुठं आहेत ते फोन नेटवरून विचारतो, आता त्याला ते उपग्रहांकडूनच ऐकावं लागतं.

३. उंचीचा आकडा. अ‍ॅपमध्ये दिसणारी उंची थेट खरी मानू नका. काही अँड्रॉइड अ‍ॅप्स उंची समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत. पृथ्वीचा आकार म्हणून एक गुळगुळीत गणिती लंबगोल धरलेला असतो, त्याच्यापासून मोजतात. महाराष्ट्रात खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या पन्नास मीटरहून जास्त खाली आहे, त्यामुळं असं अ‍ॅप उंची तितकी कमी दाखवतं. तपासायचं असेल तर स्टेशनवर जा, पिवळ्या पाटीखाली उभे राहा आणि आकडे जुळवा. फरक मोठा आला तर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये समुद्रसपाटीचा पर्याय शोधा. तसंही खिंडीतली पाटी तरी कुठं नेमकी असते! खारदुंग लावर कितीतरी वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, जीपीएसनं मोजलं तर ते साडेसतरा हजारांच्या आसपास भरलं.

४. बॅटरी. माझा फोन ३४ टक्क्यांवर का मेला? थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला रोध वाढतो. टॉर्च, कॅमेरा अशा कामांना एकदम जास्त करंट लागतो, तेव्हा व्होल्टेज घसरतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्ज संपलेला नसतो, तो बाहेर येऊ शकत नाही इतकंच. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, रात्री पांघरुणात घ्या. बर्फासारखा गार झालेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास बॅटरीच्या आत लिथियमचा थर साचतो आणि ती कायमची कमजोर होते. नेटवर्क नसेल तिथं एअरप्लेन मोड लावा, नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी जाते.

५. पॉवर बँक. विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यायची, चेक-इनमध्ये चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची असते. हिशोब सोपा आहे: एमएएच गुणिले ३.७ भागिले १,०००. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर, चालते. ३०,००० ची १११ वॉट-अवर, विमान कंपनीच्या परवानगीशिवाय चालणार नाही.

६. पैसे आणि कागदपत्रं. नेट नाही तिथं यूपीआय नाही, म्हणून रोख ठेवा. आतल्या भागात जायला लागणारं शुल्क आणि कागद यांचे नियम अधूनमधून बदलतात. निघायच्या आठवड्यात प्रशासनाच्या अधिकृत पोर्टलवर बघा आणि जे मिळेल त्याच्या कागदी प्रती काढा. पीडीएफ बंद फोनमधून दाखवता येत नाही.

ऑक्सिमीटर न्या, पण माणसाकडं बघा

कोरोनात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात कुठल्यातरी कपाटात पडला असेल. तो न्या, नवे सेल टाकून. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी अ‍ॅप्स मात्र विसरा. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांची तुलना करतो, साध्या कॅमेरा-फ्लॅशला ते नीट जमत नाही.

लेहला पोचल्यावर धडधाकट माणसाचा आकडाही ९० च्या आसपास किंवा खाली दिसू शकतो. त्यानं हबकून जाऊ नका, आणि आकडा बरा आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. बोटं गार असली, मेंदी किंवा नेलपॉलिश असलं तरी आकडा चुकतो. निर्णय लक्षणांवरून घ्यायचा:

– डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा फार थकवा: हा उंचीचाच त्रास समजा. आहात तिथंच थांबा, वर जाऊ नका. बरं वाटेना तर खाली उतरा.
– बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही: फुप्फुसांत पाणी होत असू शकतं.
– बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जातोय: मेंदूला सूज असू शकते. शंका आली तर एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगा. जमलं नाही तर गंभीर आहे.

शेवटच्या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन मिळेल तिथं आणि खाली, लगेच. पहिल्या दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. उंचीसाठी आधी घ्यायची गोळी असते, पण ती मेडिकलमधून स्वतःच्या मनानं घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी, दमा, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी भेटाच.

घरच्यांसाठी एक कागद

आमच्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त कोणाला त्रास झाला असेल तर तो त्या मित्राच्या आईला. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की फोन लागणार नाही.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी एक कागद लिहा आणि घरात भिंतीवर चिकटवा. कुठल्या रात्री कुठं झोपणार, ड्रायव्हरचा आणि हॉटेलचा नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘बुधवारी सकाळपासून शुक्रवारी रात्रीपर्यंत फोन लागणार नाही. शनिवारी दुपारपर्यंत फोन आला नाही तर या नंबरला विचारा.’ काळजी थांबणार नाही, पण कधीपासून काळजी करायची ते तरी कळेल. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन शेअर करून हे काम होत नाही, कारण नेट गेलं की ठिपका जिथल्या तिथं थांबतो आणि बघणाऱ्याला वाटतं गाडी दरीत गेली.

तो मित्र मागच्या वर्षी पुन्हा लडाखला गेला, आई-वडिलांना घेऊन. या वेळी शीट त्यानं बनवलं. लेहला तीन रात्री, पँगाँगला रात्रीचा मुक्काम नाही. काकू आल्या त्या जर्दाळू घेऊन आणि तक्रार एकच, ‘पहिले दोन दिवस नुसतं झोपवून ठेवलं रे पोरानं.’

तीन रात्री लेह. सुट्टी कमी असेल तर यादीतून एक ठिकाण कमी करा. या तीन रात्रींना हात लावू नका.